रताळ्याला घाई कळत नाही

…आणि वर आम्हालाच सांगतात, रताळं म्हणजे सगळ्यात सोपं हो, लावायचं आणि विसरून जायचं. विसरून जायचं? मला जरा तो माणूस दाखवा ज्यानं हे पहिल्यांदा सांगितलं. काही करणार नाही त्याला, त्याच्या खुर्चीवर फक्त ओला गिलावा थापीन आणि म्हणेन, बसा साहेब. तुम्हाला सांगतो, रताळ्यासारखा बेपर्वा जीव मी बघितला नाही. कान नाही, डोळा नाही, वर काय चाललंय त्याचा पत्ता नाही, जमिनीत पाय पसरून पडलेलं. तुम्ही वर रडा, ओरडा, उड्या मारा, ते आपल्या वेळेनं येणार. रताळ्याला घाई कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तुला सांगितलं होतं कुणी ह्या वयात शेती करायला? मला नव्हती हो हौस. हौस हिला. आमच्या हिला. मी गवंडी माणूस, त्यातही गिलाव्याचा, दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करण्यात जन्म गेला. आमच्या स्वतःच्या दोन खोल्यांच्या भिंती विचारू नका, पोपडे मोजत झोपायचो आम्ही. ही शर्टाच्या कारखान्यात. बटणं लावायची. तीस वर्षं बटणं! आणि नजर काय सांगू तुम्हाला… एकदा मला म्हणाली, येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणा. आणलं. म्हणाली, हा नाही, पांढरा. म्हटलं, हा काय काळा आहे का? तर बाईनं डब्यातून सात रिळं काढली, ओळीनं मांडली, सगळी पांढरी, आणि म्हणते, "हा दुधाचा, हा मिठाचा, हा खडूचा, हा म्हातारीच्या केसाचा. तुम्ही आणलाय तो चुन्याचा." आहे का आता? मला तर सगळा चुनाच दिसत होता.

हे रिळांचं लक्षात ठेवा बरं का. मी नाही ठेवलं, आणि तिथंच माझी माती झाली.

तर मी पहिल्यापासून खोडकर. खोटं कशाला बोलू, मला दुसरं काही येत नाही. अक्षराशी माझं कधी जमलं नाही, आकडे ओळखतो, सही करतो, त्यापुढे अक्षरं माझ्याकडे बघतात आणि मी अक्षरांकडे बघतो. पण चेष्टा… लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आणि बेचाळीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मी हिला फसवायला गेलो नाही. साखरेच्या डब्यात मीठ भरलं. चपलेत ओली माती घातली. एकदा तर मेल्याचं सोंग घेतलं, दुपारचा कॉटवर आडवा, तोंड उघडं, डोळे पांढरे, श्वास रोखलेला. ही आली, बघितलं, गेली. म्हटलं, आता रडते. कसली रडते, चहाचा गरम कप आणला आणि ठेवला माझ्या पोटावर. मी असा उडालो की शेजारी धावत आले. आणि ही तिथंच उभी, आवाज न चढवता एकच शब्द म्हणाली, "पकडलं."

तोच शब्द. बेचाळीस वर्षं तोच. मीठ चाखायच्या आधी, "पकडलं." चपलेत पाय घालायच्या आधी, "पकडलं." मी घरात शिरलो की माझ्या पावलांच्या आवाजावरून कळायचं म्हणे हिला, आज ह्यांच्या पोटात काहीतरी आहे. एकदा जिंकू द्यायचं होतं मला… एकदा. काय बिघडलं असतं?

मग आमचं काम संपलं, माझे गुडघे गेले, हिची नजर तशीच राहिली पण बोटं वाकडी झाली, आणि आम्ही ह्या घरी आलो. मागे बारा फूट बाय सहा फूट अंगण. ही म्हणाली, "आयुष्यभर सगळं दुकानातून आणलं. एकदा आपल्या हातानं जमिनीतून काहीतरी काढून खायचंय मला." म्हटलं, काय काढणार, सोनं? म्हणाली, "रताळं."

आणि एक रताळं घेतलं, त्याला चारी बाजूंनी काड्या टोचल्या, आणि पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासात अर्धं बुडवून ठेवलं स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी रोज बघायचो, म्हणजे डोळे त्या बाजूला जायचे, दिसायचं काहीच नाही. खाली पांढऱ्या मुळांची दाढी, वर हिरवे कोंब, मधे काहीतरी रताळ्यासारखं. मी म्हणायचो, अगं हे रताळं आहे की पोहायला आलेला पाहुणा? ती म्हणायची, "पाहुणा निदान गप्प बसतो."

कोंब वीतभर झाले. म्हणाली, "अहो, अंगणात माती तयार करून द्या." बस! हे काम माझं. उतरलो अंगणात. दोन दिवस राबलो. दोरी लावली, ओळंबा लावला… हसू नका, गवंडी आहे मी, माझ्या हातून वाकडं निघत नाही. खडा न् खडा वेचला, पाणी मारलं, धुम्मस घेतली आणि ती माती अशी चोपली, अशी चोपली, की वरून रंधा फिरवल्यावर आरसा! चेहरा दिसेल त्यात. छाती फुगवून हिला बोलावलं. बघ म्हटलं, आहे का अशी माती कुणाच्या अंगणात? ही उभी राहिली, पायाच्या अंगठ्यानं टकटक केलं. खरंच टकटक असा आवाज आला हो. म्हणाली, "छान झालीय. आता ह्यावर खाट टाका आणि तुम्हीच झोपा. अहो, रताळ्याला अंग फुगवायला जागा लागते, मऊ लागते माती, भुसभुशीत. ही तर फरशी झाली."

मग काय, सगळं कुदळीनं परत उकरलं. गुडघ्यांनी माझ्या नावानं शिव्या घातल्या. मातीचे सहा उंचवटे केले, लहान मूल निजवून वर पांघरूण घालावं तसे, आणि हिनं आपल्या वाकड्या बोटांनी एकेक कोंब लावला. उठताना माझ्या खांद्याला धरलं, जरा जास्तच जोर दिला, मी म्हटलं वजन वाढलंय तुझं. वाढलं कसलं… पण ते मागून कळलं. म्हणाली, "आता चार महिने. मधे उकरायचं नाही." मी म्हटलं, चार? तीन नाही होणार का? तेव्हा ती म्हणाली, हे वाक्य माझं नाही हो, तिचंच, "रताळ्याला घाई कळत नाही."

आणि तीन आठवड्यांनी आम्ही दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई चांगल्या. तरुण. आमच्या मुलीला आणि मला आत बोलावलं, हिला बाहेर बाकावर बसवलं. टेबलावर कागद पसरले, मी अक्षरांकडे बघितलं, अक्षरांनी माझ्याकडे बघितलं, ह्या वेळी त्यांनीच आधी नजर फिरवली. बाई हळू बोलल्या. "दोन महिने… फार तर अडीच." मुलीनं तोंडावर पदर धरला. आणि मी, माझं डोकं कुठं गेलं बघा, मी बोटांवर मोजायला लागलो. लावून तीन आठवडे झाले, त्यात दोन महिने मिळवले, अडीच धरले… पुरत नव्हते हो. काही केल्या पुरत नव्हते. मी विचारलं, "बाई, चार नाही का होणार?" त्या म्हणाल्या, "चार काय?" म्हटलं, "महिने. रताळ्याला चार लागतात."

बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

बाहेर आलो तर ही बाकावर बसून समोरच्या माणसाच्या शर्टाचं तिसरं बटण बघत होती. म्हणाली, "दोरा चुकीचा लावलाय." मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड अगदी नेहमीसारखं केलेलं, सगळी कला पणाला लावलेली. "काही नाही गं, अशक्तपणा आहे." तिनं माझा हात घेतला आणि म्हणाली, "पकडलं."

तेव्हापासून माझी रताळ्याशी लढाई सुरू. तिला एवढं एकच हवं होतं, दागिना नको, गाव बघणं नको, आपल्या अंगणातलं एक रताळं! आता घाई करायची म्हणजे काय करायचं? खत. पोतं आणलं. त्यावर लिहिलं होतं म्हणे, किती घालायचं ते. लिहिलं असेल. मी माझ्या हिशेबानं घातलं, घमेल्यानं. आणि वर आलं बघा! पाला! असा पाला की विचारू नका, वेल अंगणभर, वेल भिंतीवर, वेल पलीकडच्या बाईच्या वाळत घातलेल्या चादरीवर. मी खूश. म्हटलं वर एवढं तर खाली केवढं असेल. एके सकाळी चमचा घेऊन गेलो आणि हळूच एका उंचवट्याच्या कडेला उकरलं. खाली काय? दोरा. पांढरा दोरा. कुठल्या रिळाचा ते तीच जाणे. दुसऱ्या दिवशी परत उकरलं, दोराच. वाकून बघतोय, तेवढ्यात खिडकीतून आवाज, उठता येत नव्हतं तिला फारसं, पण आवाज आला, "पकडलं. अहो, तो पालाच वाढणार आता. खताचं पोतं ओतल्यावर कशाला कष्ट घेईल ते खाली? आणि रोज उठून उकरलंत तर कोण वाढेल?"

मी म्हटलं, अगं, पण जरा लवकर…

ती म्हणाली, "रताळ्याला घाई कळत नाही." आणि मग जरा थांबून, "मलापण नाहीये."

तिला नव्हती. मला होती. दर आठवड्याला ती उशीत जरा जास्त बुडायची. दवाखान्यातून येऊन सात आठवडे झाले. आठवा लागला. मुलगी सासरहून येऊन राहिली होती, रात्री तीच उठायची. एक दिवस मी तिला म्हटलं, "आईला उद्या अंगणात आणायचं. उद्या रताळी निघणार." ती म्हणाली, "बाबा, अजून दीड महिना आहे ना?" म्हटलं, "उद्या निघणार." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि लेक माझीच ना, ओळखलं. "बाबा, तिला कळलं तर? ह्या वेळी तरी नको." मी म्हटलं, "ह्या वेळीच. आजवर सगळ्या चेष्टा माझ्यासाठी केल्या, ही तिच्यासाठी आहे."

गेलो भाजीवालीकडे. म्हटलं, रताळी द्या. म्हणाली, "लाल देऊ का पांढरी, आजोबा?" आता मला सांगा, ज्याला दोऱ्यातला रंग कळत नाही त्याला रताळ्याचा काय कळणार? मी म्हटलं, "रंग मरू दे, माती लागलेली द्या." ती म्हणाली, "धुऊन ठेवलीत सगळी, स्वच्छ." मी म्हटलं, "मला स्वच्छ नकोत." "मग कशी हवीत?" "घाण." बाई माझ्याकडे बघत राहिली. "आजोबा, तीस वर्षं भाजी विकतेय, घाण मागणारे तुम्ही पहिलेच." शेवटी टोपलीच्या तळातून काढून दिली पाच. मातीनं माखलेली. एकावर थुंकी लावून पुसली, लाल निघाली. म्हटलं चालेल, रताळं ते रताळं.

पहाटे उठलो. ही झोपलेली. खिडकीजवळचा पहिला उंचवटा निवडला, हातानं खोल केला आणि ती पाच रताळी अशी पुरली, अशी पुरली, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांची कारागिरी लावली. मुळांचे दोरे वरून गुंडाळले. माती लावली ती चोपली नाही, शहाणा झालो होतो. वरून पाला सोडला, पाणी शिंपडलं, पाऊलखुणा झाडून टाकल्या. चोरानं बघितलं असतं तर शिष्य झाला असता माझा.

ऊन कोवळं होतं तेव्हा मी आणि मुलीनं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला बाहेर आणलं. खुर्चीत कोण आहे हे बघायला लागावं इतकी हलकी. मी पाला बाजूला केला. "बघ जरा हात घालून." तिनं वाकून हात घातला. वाकडी बोटं मातीत गेली, थांबली. माझा श्वास कॉटवरच्या सोंगापेक्षा जास्त रोखलेला. मी त्या शब्दाची वाट बघत होतो. आता म्हणते… आता म्हणते…

तिनं एक रताळं बाहेर काढलं. मांडीवर ठेवलं. पदरानं पुसलं. उलटंसुलटं करून बघितलं, लहान मुलाचं अंग बघावं तसं. आणि म्हणाली, "अगोबाई."

बस. अगोबाई! "पकडलं" नाही. मुलीकडे बघून म्हणाली, "बघ गं, तुझ्या बाबांनी काय केलं." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "रंग काय सुंदर आलाय हो." मी म्हटलं, "माझं खत!" ती म्हणाली, "तर. खतच ते."

पाचही तिनंच काढली. मी म्हटलं, दुसरा उंचवटा उकरायचा का? माझी जीभ, दुसरं काय, सांभाळता येत नाही. तर म्हणाली, "नको. बाकीची असू देत. त्यांचे चार महिने पुरे होऊ देत. मग तुम्ही काढा. तुम्ही एकट्यानं काढा, घाई न करता." रताळं निखाऱ्यात भाजलं, मीठ लावलं, तिनं दोन घास खाल्ले. तिसरा मला भरवला. गोड होतं.

अकरा दिवसांनी गेली. सकाळची वेळ. तोंड जरासं उघडं, डोळे मिटलेले. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, अगं पुरे. चांगलं जमलंय, पण पुरे आता. चहासुद्धा आणला हो मी. गरम कप हातात धरून उभा राहिलो, आणि मुलीनं माझ्या हातातून तो काढून घेतला…

जाऊ दे.

पण तुम्हाला एक सांगतो, कुणाला सांगितलं नाही. लोक यायचे, धीर द्यायचे, मी मान हलवायचो, रडायचोसुद्धा. पण आत कुठंतरी एक कोपरा उबदार होता. बेचाळीस वर्षांत एकदा, शेवटच्या डावाला का होईना, मी हिला फसवलं, आणि ती आपल्या अंगणातलं रताळं खाऊन गेली. ह्या एका गोष्टीवर मी पुढचा महिना काढला. जेवण जायचं नाही, पण ती आठवण जायची. भिंतीकडे तोंड करून म्हणायचो, लेका, जिंकलास.

मग पाला पिवळा पडला. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, चार महिने झाले." मला अंगणात जावंसंच वाटत नव्हतं. पण सांगून गेली होती ना, तुम्ही काढा, एकट्यानं. बसलो मातीत. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, म्हटलं घाला, आता तुम्हीच उरलात बोलायला. दुसरा उंचवटा. हात घातला. लागलं काहीतरी. खरंच लागलं हो, एवढंसं, मुठीत मावेल, खतानं मुडदूस झालेलं, पण रताळं. बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं.

पांढरं.

म्हटलं, किडकं असेल. दुसरं काढलं, पांढरं. तिसरा उंचवटा, पांढरं. सहाव्यापर्यंत गेलो, सगळी पांढरी, दुधासारखी, की मिठासारखी, मला काय कळतंय! पण लाल एक नाही. आणि लाल असणार कुठून? ग्लासात तिनं ठेवलेलं रताळंच पांढरं होतं. महिनाभर माझ्या नाकासमोर खिडकीत होतं. मी बघितलं नाही. आणि जी बाई पांढऱ्यातले सात पांढरे ओळखायची, तिच्या मांडीवर मी पाच लाल रताळी ठेवली आणि वर छाती फुगवून उभा!

"रंग काय सुंदर आलाय हो." ऐकलंत ना? तुमच्यासमोरच सांगितलं मी. तोंडावर सांगितलं होतं तिनं. आणि "बाकीची तुम्ही काढा, एकट्यानं"… अहो, सुरुंगाची वात लावून गेली बाई! दीड महिन्यांनी उडणार, आपण तेव्हा असणार नाही, हे मोजूनमापून. मी तिला एक रताळं खोटं खाऊ घातलं, तिनं मला एक जिंकणं खोटं खाऊ घातलं, आणि मी ते दीड महिना चघळत बसलो.

तिथंच मातीत बसून मी मोठ्यानं म्हटलं, "पकडलं." बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं तो शब्द. पलीकडच्या बाईनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय पकडलंत, उंदीर?" म्हटलं, हो, म्हातारा उंदीर.

आता एक पांढरं रताळं ग्लासात ठेवलंय खिडकीत, काड्या टोचून. रोज नीट बघतो, रंगासकट. कोंब येतायत. परत लावणार, माती मऊ करणार, पोतं विकत घेणार नाही. चार महिने लागतील, लागू देत. पण तुम्हीच सांगा, ह्या डावाची परतफेड मी आता कुणाशी करू? रताळ्याशी? त्याला साधी घाई कळत नाही हो, चेष्टा काय कळणार…